१४६ मार्क, आणि अप्पांना न सांगितलेली गोष्ट

"मावशी, मी बिश्केकहून एमबीबीएस करून आलोय. एफएमजीई, म्हणजे परदेशातून एमबीबीएस केलेल्यांची इथली लायसनची परीक्षा, तीनदा दिली, १२१, १३८ आणि आता १४६. घरी सांगून बसलोय की पास झालो, फक्त इंटर्नशिपचं कॉलेज मिळायचंय. अप्पांनी दोन एकर गहाण टाकून अठरा लाख उभे केले, त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? सध्या तालुक्याच्या एका खाजगी हॉस्पिटलात नाइटला आरएमओ (हॉस्पिटलात ड्यूटीवर थांबणारा डॉक्टर) म्हणून जातो, पंधरा हजार देतात, केसपेपरवर सही दुसऱ्या डॉक्टरची असते. दिवाळीनंतर ताईचं लग्न, पत्रिकेत माझ्या नावाआधी डॉ. छापणार आहेत. एक सीनियर म्हणतो काही लाखांत रजिस्ट्रेशनचं काम होतं. पुस्तक उघडलं की डोकं बधिर होतं. कधी कधी वाटतं सकाळी जागच येऊ नये. काय करू?"
– अर्धा डॉक्टर, लातूर जिल्हा

अरे बाळा,

पत्र दोनदा वाचलं. अभ्यासाचं नंतर बोलू, आधी ते सकाळी जाग न येण्याचं. तू ते सगळ्यात शेवटी आणि घाईघाईत लिहिलंयस, पण मी तिथंच अडकले. असं वाटणं रोजचं झालं असेल किंवा मनात काही करण्याचा विचार येत असेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि आत्ता १४४१६ ला फोन लाव, टेली मानसचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री तीनला पण कोणीतरी उचलतं आणि मराठीत बोलता येतं. आणि जवळ एक माणूस ठेव, मित्र, ताई, कोणीही, ज्याला खरं माहितीये. तू एकटा हे दीड वर्ष ओढतोयस म्हणून डोकं बधिर होतंय, त्यात बुद्धीचा काही दोष नाही.

आता नाइट ड्यूटी. ती सोड. या महिन्याचा पगार अडकला तरी चालेल, सोड. तुला राग येईल, पंधरा हजार कोण देणार म्हणशील, पण मी तीस वर्षं तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस केलीये आणि रात्री दोन वाजता छातीत दुखणारा माणूस समोर आला की काय होतं ते मला माहितीये. त्या वेळी दुसऱ्याच्या नावाचा शिक्का काही कामाचा नसतो, समोर तूच असतोस. तू फॉरेन्सिकच्या जुन्या नोट्सवरून अभ्यास करत असशील तर त्यात अजून ३०४ अ असेल. १ जुलै २०२४ पासून आयपीसी गेली, भारतीय न्याय संहिता आली, निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम आता १०६ आहे. ते कलम नीट वाच, परीक्षेसाठी पण आणि स्वतःसाठी पण. रजिस्टर्ड डॉक्टरकडून उपचार करताना चूक झाली तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत, आणि बाकी सगळ्यांना पाच वर्षांपर्यंत. तुझं नाव अजून कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही, म्हणजे तू बाकी सगळ्यांत मोडतोस. शिवाय नॅशनल मेडिकल कमिशनच्या २०१९ च्या कायद्यात लायसन नसताना प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ज्या हॉस्पिटलने तुला ठेवलंय त्यांना हे पक्कं ठाऊक असणार, म्हणून तर स्वस्तात ठेवलंय, आणि याची मला फार चीड येते, पोरांच्या अडचणीवर असे धंदे चालतात.

त्या सीनियरचा नंबर ब्लॉक कर. डिसेंबर २०२२ मध्ये सीबीआयने ९१ ठिकाणी छापे टाकले होते, ७३ जणांवर केस झाली होती, सगळे परदेशातून एमबीबीएस करून आलेले, एफएमजीई पास न होता स्टेट कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळवलं असा आरोप. त्यांनाही कोणीतरी असंच म्हणालं असेल की काम होतं. तू चार मार्कांनी राहिलायस रे. चार. त्यासाठी आयुष्यभर दारावरची बेल वाजली की दचकायचं?

आणि १४६ कडे जरा नीट बघ. १२१ वरून १३८, तिथून १४६, म्हणजे नोकरी करत, खोटं सांभाळत, अर्ध्या झोपेत तू २५ मार्क वर आलास. पास व्हायला ३०० पैकी १५० लागतात, निगेटिव्ह मार्किंग नाही, अटेम्प्टला मर्यादा नाही. बहुतेक वेळा या परीक्षेत पाचातला एखादाच पास होतो, म्हणजे तुझ्यासारखी पोरं हॉलमध्ये मागेपुढे भरलेली असतात. हे मी तुझं मन राखायला सांगत नाहीये. यातून अभ्यास कुठे करायचा ते कळतं.

तू लिहिलंयस (पत्राचा तो भाग वर छापलेला नाही) की चार महिने ऍनाटॉमीत गेले, व्हिडिओ दोनच्या स्पीडवर पाहून संपवले, तीन ऍप घेतलीत आणि जीटीला, म्हणजे पूर्ण सराव पेपरला, बसत नाहीस कारण स्कोअर बघायची भीती वाटते. बाळा, ऍनाटॉमी १७ मार्कांची आहे. फिजिओ १७, बायोकेम १७. तीन मिळून ५१. आणि मेडिसिन ३३, सर्जरी ३२, ओबीजीवाय (बाळंतपण आणि स्त्रीरोग) ३०, पीएसएम (सार्वजनिक आरोग्य) ३०, हे चारच सव्वाशे होतात. पेडिया, डोळे, ईएनटी पंधरा-पंधरा. पॅथो, मायक्रो, फार्मा तेरा-तेरा. एवढं साधं गणित कोणी तुला कागदावर मांडून दाखवलं नाही याचं वाईट वाटतं, कारण क्लासवाले पहिल्या व्हिडिओपासून सुरू करतात आणि पहिला व्हिडिओ ऍनाटॉमीचाच असतो, मग पोरं हाताची हाडं पाठ करता करता दमतात आणि पीएसएमला शेवटचे सहा दिवस उरतात.

पीएसएमवर मी जरा जास्तच बोलणार, कारण परदेशातून आलेली पोरं माझ्या डोळ्यांदेखत इथेच पडलीत. तुमच्या तिकडच्या कॉलेजात आपली आशा ताई नव्हती, उपकेंद्र नव्हतं, टीबीचा आपला प्रोग्राम नव्हता. वॉर्डात पेशंट रशियन किंवा किर्गिझ बोलणार, तुम्ही वीस जण मागे उभे, असं माझी भाची पण सांगायची, ती जॉर्जियातून आलेली. म्हणून हे ३० मार्क पुस्तकातून घोकले की परक्या देशाचा भूगोल पाठ केल्यासारखे वाटतात, आठवड्यात विसरतात. तू गावात आहेस ना? मग तुझ्याकडे जे आहे ते पुण्यात खोली घेऊन बसलेल्या पोरांकडे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसरांना भेट, खरं सांग की एफएमजीईचा अभ्यास करतोय, आणि लसीकरणाच्या दिवशी सिस्टरांच्या बाजूला खुर्ची टाकून फक्त बघत बस, हात लावायचा नाही. आइस लाइन्ड फ्रिज उघडतील तेव्हा टेंपरेचर वाच, अधिक २ ते अधिक ८. बाटलीवर एक जांभळट गोल असतो, त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चालते, दोन्हींचा रंग सारखा झाला की गेली. हा व्हीव्हीएमचा, म्हणजे लसीला उष्णता लागली का ते दाखवणाऱ्या खुणेचा, प्रश्न चित्र देऊन विचारतात, आणि एकदा हातभर अंतरावरून ती बाटली पाहिलीस ना की मरेपर्यंत चुकणार नाहीस. एमआर (गोवर-रुबेला) आणि बीसीजी (टीबी) या लसी एकदा कालवल्या की चार तासांच्या आत वापरायची, उरली तर फेकायची, म्हणून सिस्टर बाटलीवर वेळ लिहून ठेवतात, ते पेनानं लिहिलेलं बघ. केंद्राच्या भिंतीवर लोकसंख्या लिहिलेली असते, सपाट भागात उपकेंद्राला ५ हजार, प्राथमिक आरोग्य केंद्राला ३० हजार, डोंगरी आणि आदिवासी भागात ३ आणि २० हजार, आपल्या गावाचा आकडा त्याच्याशी ताडून बघ. दोन-तीन गुरुवार-मंगळवार, जो काय त्यांचा वार असेल, तेवढे गेलास तरी पीएसएम आणि पेडिया दोन्ही हलके होतील.

भाचीची वही मी अजून ठेवलीये. साधी दुरेघी, शाळेतल्या पोरांची असते तशी. ती पण दोनदा राहिली होती, दुसऱ्यांदा १४३. मग तिने नवीन व्हिडिओ बघणं बंदच केलं, रोज सकाळी ५० प्रश्न, घड्याळ लावून ५० मिनिटं, कारण पेपरात दीडशे प्रश्नांना दीडशेच मिनिटं असतात, दोन्ही पार्टला. आणि जे चुकले तेवढेच या वहीत, उत्तर नाही लिहायची, का चुकलं ते लिहायची. एक पान माझ्यासमोर आहे: "बीसीजी डावा दंड. एफआयपीव्ही सहा आणि चौदा आठवडे उजवा, नऊ महिन्यांचा डावा. मी घाईत वय वाचलंच नाही." त्याच्या खाली "टीबी: २ एचआरझेडई, ४ एचआरई. शेवटच्या चार महिन्यांत झेड गाळायचा, मी ई गाळला. तिसऱ्यांदा!!" (एफआयपीव्ही म्हणजे पोलिओची लस; एच, आर, झेड, ई ही टीबीच्या औषधांची अक्षरं, आकडे महिन्यांचे.) तिसऱ्यांदा खाली तीन रेघा मारल्यात, कागद फाटलाय तिथे. तिला कळलं की तिचे निम्मे मार्क न येणाऱ्या गोष्टींत जातच नव्हते, येणाऱ्या गोष्टींत जात होते. तिसऱ्या वेळी १७१ पडले. तुझी पण चाळीस-पन्नास मार्कांची अशी गळती असणार, आणि ती कुठे आहे ते जीटी दिल्याशिवाय दिसणारच नाही. या रविवारी एक दे. ११० आले तरी दे. तीनातली दोन ऍप काढून टाक, एकच ठेव, कुठलं ते मला विचारू नकोस, जे निम्म्याहून जास्त झालंय ते.

माहीत नसलेला प्रश्न कोरा सोडून येऊ नकोस एवढं तरी लक्षात ठेव, निगेटिव्ह नाहीये.

आता अप्पा. यालाच तू सगळ्यात जास्त घाबरलायस, मला कळतंय. पण एक विचार कर, पत्रिका छापून आली आणि चारशे घरांत गेली की खोटं तुझ्या एकट्याचं राहत नाही, ते अप्पांच्या नावाने वाटलं जातं, "आपला नम्र" खाली सही त्यांची असते. नंतर कधीतरी हे बाहेरून कळणार, तालुक्याच्या गावी अशा गोष्टी झाकून राहत नाहीत, आणि त्या दिवशी ते तुझ्या नापास होण्याने नाही मोडणार, मांडवात सगळ्यांसमोर आपण जे बोललो ते खोटं होतं याने मोडतील. ताईच्या सासरी काय तोंड दाखवायचं, हा एक प्रश्न त्यात वाढेल. पत्रिका प्रेसला जायच्या आत सांग. आईला आधी सांगून तिच्यामार्फत निरोप पाठवायचा मोह होईल, तसं करू नकोस, तिला दोघांच्या मधे उभं करू नकोस. ताईला मात्र आधी सांग, तिचं लग्न आहे, तिला हक्क आहे, आणि माझा अंदाज आहे की ती तुझ्या बाजूने बसेल.

कसं सांगायचं विचारलंयस. घरात नको, रानात जा त्यांच्याबरोबर. शेतकरी माणूस बांधावर जेवढं ऐकून घेतो तेवढं घरात खुर्चीवर बसून ऐकत नाही, निदान माझ्या वडिलांचं तसं होतं. फिरवून फिरवून बोलू नकोस. "अप्पा, मी पास झालो नाही. तीनदा दिली. खोटं बोललो. चार मार्क कमी पडले. नोकरी सोडली कारण ती बेकायदेशीर होती. पुढच्या पेपरला चार-पाच महिने आहेत, मी घरीच बसून करणार." एवढंच. मग गप्प बस. ते ओरडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत, कदाचित अठरा लाखांचा हिशोब काढतील आणि तो त्यांचा अधिकार आहे, ऐकून घे, मधे सफाई देऊ नकोस. व्याजाचं काय, बँकेत जाऊन हप्त्यांचं बोलायचं का, हे त्यांच्याबरोबर बसून ठरव, त्यांना आकडे खरे दे. आत्तापर्यंत ते चुकीच्या आकड्यांवर घर चालवतायत, पुढच्या वर्षी तुझा स्टायपेंड येईल असं धरून चालले असतील.

पास झाल्यावर पण लगेच दवाखाना टाकता येत नाही हे पण त्याच वेळी सांगून टाक, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन, मग वर्षभर इंटर्नशिप, मग पर्मनंट. नाहीतर जानेवारीत पुन्हा सगळे विचारणार, झाला ना डॉक्टर, मग बोर्ड कधी.

आणि पत्रावर सही "अर्धा डॉक्टर" अशी करू नकोस पुढच्या वेळी. ते वाचून मला गलबलून आलं. तुझ्या आईवडिलांनी तुझं नाव ठेवलंय ना काहीतरी, ते पत्रिकेवर नुसतं छापलं तरी छान दिसतं.

रविवारच्या जीटीचा स्कोअर मला कळव, कितीही असू दे. आणि बांधावर काय झालं ते पण लिही, मी वाट बघतेय.

– मावशी