वाडा सांभाळताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आम्ही नोकरीमुळे पुण्यात असतो. गावाकडचा दोनचौकी वाडा वर्षभर बंद असतो. तो ठेवायचा म्हटलं तर खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

सगळ्यात महाग पडतो तो बंद वाडा. दारं-खिडक्या उघडत नाहीत, ओल कोंडते आणि एखादं कौल सरकलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. त्या फटीतलं पाणी पावसाळाभर भिंतीत गेलेल्या तुळईच्या टोकावर पडतं. सागवान मधोमध ठणठणीत दिसतं, पण टोकाला कुजलेलं असतं. वाळवीही तिथूनच शिरते आणि मग अख्खा खण, म्हणजे दोन खांबांमधला भाग, उतरवावा लागतो. म्हणून खर्चाच्या यादीत पहिला मान गावातल्या विश्वासू माणसाच्या पगाराला द्या. त्यानं दर आठवड्याला वाडा उघडावा, झाडावा, वर चढून पाहावं. मे संपण्याआधी कौलं परतून घ्या, पन्हळी आणि चौकातली मोरी मोकळी करा. जुनं वायरिंग पूर्ण बदला. लाकडी इमारतीला आगीसारखा शत्रू नाही: 1828 च्या आगीत शनिवारवाड्यातले लाकडी महाल गेले, मागे राहिली जोती, म्हणजे इमारतींचे दगडी चौथरे, आणि तटबंदी. रंगरंगोटी आणि कोरीव खांब यांची पाळी या सगळ्यानंतर. मोठी दुरुस्ती काढलीत तर अंदाजपत्रकावर पाव हिस्सा जास्तीचा धरा, कारण गिलावा उकरल्याशिवाय आतलं लाकूड कसं आहे ते कळत नाही.

प्रश्न : मातीच्या भिंतींचे खालून पापुद्रे सुटतात. गवंडी सिमेंटचा गिलावा करू म्हणतो. करावा का?

कृपा करून करू नका. पेशवाईतल्या तालेवार घराण्यांचे वाडे आजवर उभे राहिले, कारण त्यांच्या भिंतींतली ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडत होती. सिमेंट ती वाट बंद करतं. मग पाणी आणखी वर चढतं, क्षार साठतात आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा आतल्या मातीसकट ढासळतो.

आधी ओल कुठून येते ते शोधा. रस्ता वर्षानुवर्षं डांबराचे थर चढून जोत्याच्या वर गेला आहे का? चौकात काँक्रीट ओतलं आहे का? मोरी तुंबली आहे का? बऱ्याच वाड्यांत दुखणं इथेच सापडतं आणि इलाज गिलाव्यापेक्षा स्वस्तात होतो. त्यानंतर चुना. नीट भिजवलेला, वाळूबरोबर चुन्याच्या घाण्यात, दगडी चाकाखाली मळलेला. जुने कारागीर त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालत. हे काम सावकाश वाळतं, हात जाणकार लागतात आणि सिमेंटपेक्षा पैसेही जास्त जातात. तरीही हाच खर्च योग्य. माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याच्या छपराची, माती काढून स्लॅब टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तोही मानू नका. मातीच्या भिंती तो भार पेलतील असं गृहीत धरणं जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : वाड्यात सात हिस्सेदार आहेत. खर्च मी एकटा करतो. पुढे भांडण झालं तर?

मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) आज कुणाची नावं आहेत ते आधी पाहा. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना समान हक्क महाराष्ट्रात 1994 पासून, देशभर 2005 पासून आहे. बहिणी-आत्यांना वगळून केलेली वाटणी टिकेल असं समजू नका. कुणाला हक्क सोडायचाच असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं. तुम्ही केलेल्या खर्चाला सर्वांची लेखी संमती आधी घ्या, बिलं जपून ठेवा. पैशाआधी हे कागद.

प्रश्न : आमचा वाडा शनिवारवाड्याजवळ आहे. दुरुस्ती करता येईल का?

शनिवारवाड्यासारख्या केंद्र-संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. दुरुस्ती मात्र परवानगीनं होते. पुढच्या 200 मीटरमध्ये बांधकामालाही परवानगी लागते. महापालिकेच्या वारसा वास्तूंच्या (हेरिटेज) यादीत वाडा आहे का, कोणत्या श्रेणीत, हेही तपासा. अर्जाआधी सगळ्या खोल्यांचे फोटो आणि मोजमाप करून ठेवा.

प्रश्न : वाड्यातून थोडं उत्पन्न मिळेल का?

मिळेल, पण त्यावर कर्ज काढू नका. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात आणि घाटावर चित्रीकरणं होतात, पण तिथे कृष्णेचा काठ आहे, नाव मोठं आहे. साध्या गावी पाहुण्यांसाठी दोन खोल्या आणि स्वच्छ संडास-न्हाणीघर एवढ्यावर सुरुवात करा. न्हाणीघर परसात, वेगळ्या जोत्यावर बांधा. वरच्या मजल्यावर, लाकडी फळ्यांच्या तक्तपोशीवर नळ नेऊ नका, पाहुणे कितीही मागोत.