गिट रोज वापरते, पण चाचणीत डोकं कोरं होतं

"मॅडम, चार वर्षं गिट वापरतेय, आणि चाचणीत साध्या प्रश्नाला अडले. म्हणजे आजवर मी नुसतं निभावूनच नेलं ना?"

नोकरी बदलू पाहणारी ही तरुणी. गिट म्हणजे प्रोग्रामच्या फाइल्समधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नोकरीसाठीच्या चाचणीत मर्ज आणि रिबेसमधला (दोन ब्रँच, म्हणजे कामाचे दोन समांतर धागे, एकत्र आणायच्या दोन पद्धतींमधला) फरक विचारला गेला, तिला सुचेना, आणि "मला काहीच येत नाही" हे मनात घर करून बसलं. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी बरीच वर्षं प्रोग्रामिंग केलंय, त्यामुळे ही धास्ती मला नवी नाही.

मी विचारलं, "काही बिघडलं की काय करता?"

तिने मान खाली घातली. "माझ्या फाइल्स डेस्कटॉपवर कॉपी करते, फोल्डर उडवते आणि सर्व्हरवरून पुन्हा क्लोन करते, अख्खी नवी प्रत."

दुखणं इथे होतं. पुल (इतरांचे बदल आणणं), कमिट (आपल्या बदलांची नोंद करणं), पुश (ती नोंद पाठवणं) तिच्या बोटांवर होतं. पण बिघडलेल्या रेपोसमोर (गिटच्या नोंदी असलेल्या फोल्डरसमोर) पाच मिनिटं शांत बसायची तिच्यावर कधी वेळच आली नव्हती. मग नेमकी तीच वेळ आणायची, असं मी ठरवलं.

रिकाम्या फोल्डरमध्ये गिट सुरू करून तिने तीन कमिट केले. मग मी तिला 'रिसेट हार्ड' करून दोन कमिट मागे जायला लावलं. फाइलमधल्या ओळी गेल्या आणि तिचे हात कीबोर्डवरून उठून मांडीवर आले. "आता रेफलॉग बघा," मी म्हटलं. हेड (आपण कोणत्या कमिटवर आहोत ते दाखवणारी खूण) कुठे कुठे जाऊन आलं त्याची यादी समोर आली. त्यातल्या जुन्या कमिटचा ओळख-कोड घेऊन तिने नवी ब्रँच काढली. ओळी परत!

"म्हणजे गेलंच नव्हतं?"

नव्हतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये अशा सुटलेल्या कमिटची नोंद त्या मशीनवर किमान ३० दिवस राहते. पण खोटा दिलासा मला द्यायचा नव्हता. गिटमध्ये आधीच असलेल्या फाइलमधले जे बदल कमिट काय, ॲडही (कमिटसाठी निवडून ठेवलेले) केलेले नसतात, ते 'रिसेट हार्ड'ने खरोखरच जातात. तेही तिला करून बघायला लावलं.

घरी रोज एकच गोष्ट मुद्दाम बिघडवायची, असं ठरलं. दोन ब्रँचमध्ये एकच ओळ वेगवेगळी बदलून, त्या मर्ज करून कॉन्फ्लिक्ट (कोणता बदल ठेवायचा हे गिटला न ठरवता येणं) ओढवून घ्यायचा. चुकीच्या ब्रँचवरचा कमिट चेरी-पिकने (एकच कमिट उचलून दुसऱ्या ब्रँचवर लावणारी कमांड) योग्य ब्रँचवर आणायचा. अट एकच: कमांड देण्याआधी कमिटचे गोल कागदावर काढायचे आणि ब्रँचचा बाण (तिचा शेवटचा कमिट दाखवणारा) कुठे जाईल ते लिहायचं. अंदाज बरोबर आला की ती गोष्ट आपल्याला येते. पाठ केलेल्या कमांडपेक्षा मी या चाचणीवर जास्त विश्वास ठेवते.

तिसऱ्या आठवड्यात ती वही घेऊन आली. रिबेसच्या पानावर जुने कोड खोडून नवे लिहिले होते. "रिबेस माझे कमिट हलवत नाही मॅडम, नव्याने बनवतं! म्हणून इतरांनी घेतलेल्या ब्रँचवर ते करायचं नाही. मर्जमध्ये जुने कमिट तसेच राहतात, दोन्ही धागे नव्या कमिटमध्ये बांधले जातात." हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या चाचणीतही एका प्रश्नाला ती अडली. तिने कोरा कागद ओढला, तीन गोल काढले आणि बाण कुठे जाईल ते बघू लागली.