आधी एक वर्तुळ कापून बघा
लाकडी लंबकाचं घड्याळ बनवताना पहिल्याच दिवशी सगळी दातेरी चाकं कापायला घेऊ नका. आधी टाकाऊ प्लायवर 100 मिमीचं एक वर्तुळ कापा आणि कॅलिपरनं उभं-आडवं मोजा. घरी बनवलेल्या राउटरच्या (लाकूड कापणाऱ्या संगणक-चालित यंत्राच्या) स्क्रू-नटमध्ये जराशी ढिलाई असली तरी वर्तुळ बिघडतं, आणि मग दाते अडकतात.

चाकांसाठी अखंड लाकूड नको, कितीही देखणं असलं तरी. दमट हवेत ते रेषांच्या आडव्या दिशेनं जास्त फुगतं. बर्च झाडाच्या लाकडाचं प्लायच घ्या. प्रत्येक दात्यावरून बोट फिरवा. कुसळ लागलं की बारीक पॉलिश पेपर मारा. वंगण म्हणून तेल अजिबात नको, लाकूड ते पितं. पेन्सिलीचं ग्राफाइट चोळा.

लंबक सुमारे 99.4 सेमीचा ठेवलात तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला 1 सेकंद लागतो. लांबी जराशी कमी-जास्त करायला लंबकाच्या खालच्या टोकाला फिरवता येणारा नट मात्र हवाच.