अमेरिकेत आईच्या पॉवर व्हीलचेअरच्या बिलात टिल्ट, पट्टा आणि चार्जर वेगवेगळे लावलेत. हे बरोबर आहे का?

टिल्टचं, म्हणजे आसन मागे कलवण्याच्या सोयीचं, वेगळं बिल बरोबर आहे, पण नव्या खुर्चीबरोबर आलेल्या साध्या कमरेच्या पट्ट्याचं आणि चार्जरचं नाही. मेडिकेअरच्या (अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य विम्याच्या) नियमांत खुर्चीच्या मूळ बिलिंग कोडमध्येच काही गोष्टी धरलेल्या असतात: कमरेचा पट्टा, चार्जर, टायर-कॅस्टर, ठरावीक हात-पाय टेकणी आणि साधी जॉयस्टिक. त्या पहिल्या बिलात सुट्या दाखवल्या असतील, तर सप्लायरकडून कोडनिहाय बिल मागून घ्या आणि मेडिकेअरकडून येणाऱ्या 'मेडिकेअर समरी नोटिस' या पत्रकाशी ताडून पाहा. ते पत्रक म्हणजे बिल नव्हे. तुम्ही किती देणं लागता हे मात्र त्यात कळतं.

मोटरवर चालणाऱ्या टिल्टला ई१००२ हा स्वतंत्र कोड आहे, पण नुसतं 'आरामासाठी' लिहून तो मंजूर होत नाही. प्रेशर अल्सरचा (सतत दाबामुळे होणाऱ्या जखमांचा) मोठा धोका आणि स्वतःहून अंगाचा भार सरकवता न येणं, किंवा स्नायूंचा ताठरपणा सांभाळण्याची गरज, असं ठोस कारण नोंदीत लागतं. शिवाय सप्लायरशी आर्थिक संबंध नसलेल्या फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा प्रशिक्षित डॉक्टरचं मूल्यमापनही हवं. बहुतेक नकार इथल्या कागदांच्या उणिवेमुळेच येतात, असं माझं मत. मंजूर झाल्यावर वार्षिक डिडक्टिबल (आधी स्वतः भरायची रक्कम) भरून झालं असेल, तर मंजूर रकमेच्या ८० टक्के मेडिकेअरचा पार्ट बी हा भाग देतो.

हे सरकार थेट चालवतं त्या मूळ मेडिकेअरबद्दल झालं. आई खासगी कंपनीच्या मेडिकेअर अॅडव्हांटेज प्लॅनवर असेल तर पूर्वमंजुरी, नेटवर्क आणि तिचा वाटा त्या प्लॅनप्रमाणे बदलतो.