स्टॅम्प पेपरवर लिहून दिलेले गाणे परत मिळते का?

प्रश्न: मी धुळे जिल्ह्यात राहतो. अहिराणी गाणी लिहितो, त्यांना चाली लावतो आणि स्वतः गातो. एप्रिल २०१९मध्ये एका म्युझिक कंपनीला १५ हजार रुपयांत एक गाणे शंभराच्या स्टॅम्प पेपरवर लिहून दिले. कंपनीने स्वतःच्या खर्चाने ते माझ्या आवाजात रेकॉर्ड करून आपल्या यूट्यूब चॅनलवर टाकले. आज ते वरातीत वाजते, रील्सवर चालते, पण मला त्यानंतर एक रुपयाही मिळालेला नाही. गेल्या महिन्यात तेच गाणे मी घरी हार्मोनियम आणि ढोलकीवर पुन्हा म्हणून माझ्या चॅनलवर टाकले, तर तासाभरात कंपनीचा कॉपीराइट क्लेम आला आणि उत्पन्न तिकडे वळले. कंपनीचा माणूस फोनवर म्हणतो, व्हिडिओ काढा, नाहीतर केस करू. मी माझेच गाणे चोरले का?

उत्तर: नाही, आपण चोरी केलेली नाही. आपण पाठवलेल्या कागदावरून तरी माझे मत असे झाले आहे की या गाण्याचे शब्द आणि चाल यांवरील कंपनीचा हक्क एप्रिल २०२४मध्येच संपला असून आपल्या नव्या व्हिडिओवरील क्लेमला कायद्याचा आधार उरलेला नाही. मात्र गाण्यातील एक गोष्ट कंपनीचीच आहे आणि ती तिचीच राहील, म्हणून आधी तेवढे वेगळे करून सांगतो.

बोलताना आपण ‘गाणे’ म्हणतो, पण १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीने तेथे तीन स्वतंत्र मालमत्ता असतात. शब्द ही साहित्यकृती, तिचा पहिला मालक कवी. चाल ही संगीतकृती, तिचा पहिला मालक संगीतकार. तिसरे ध्वनिमुद्रण, आणि त्याचा मालक गायक किंवा स्टुडिओवाला नव्हे, तर ज्याने ते घडवून आणण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो निर्माता. आपल्या बाबतीत पहिल्या दोन्ही मालमत्ता आपल्याच होत्या, कारण आपण कंपनीचे पगारी नोकर नव्हतात. २०१९चे ते रेकॉर्डिंग मात्र कंपनीने स्वतः पैसे घालून केले असल्यामुळे प्रथमपासून तिचे आहे, आणि ध्वनिमुद्रणावरील हक्क ६० वर्षे टिकतो. त्या रेकॉर्डिंगचा एक तुकडाही, मग तो सुरुवातीचा म्युझिक पीस का असेना, आपल्या व्हिडिओत वापरलेला नसावा. आपण हार्मोनियम आणि ढोलकी नव्याने वाजवली आहे, त्यामुळे हा प्रश्न येऊ नये.

आता मुख्य मुद्दा. आपल्या कागदावरील मजकूर असा आहे: ‘सदर गाण्याचे सर्व प्रकारचे हक्क लिहून देणार यांनी लिहून घेणार यांचे लाभात दिले असून त्याबाबत लिहून देणार यांची यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही.’ त्यात हक्क किती वर्षांसाठी दिले, याचा उल्लेख नाही. कायद्याच्या कलम १९च्या पोटकलम (५)मध्ये स्पष्ट म्हटले आहे की हस्तांतरणाची मुदत नमूद केलेली नसेल, तर ती हस्तांतरणाच्या तारखेपासून पाच वर्षांची मानली जाईल. गावोगावच्या कलावंतांनी असे कागद घाईगर्दीत, कधी स्टुडिओच्या दारात उभे राहून सही केलेले मी पाहिले आहेत, आणि ‘सर्व हक्क’ म्हणजे जन्मभराचे हक्क असे सही करणाराही समजतो आणि करून घेणाराही. तसे ते नसते. कोणते हक्क आणि किती काळ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याचे उत्तर कागदात नसेल तर ते कायदा देतो. कागद नोटरी केलेला असला तरी त्यात फरक पडत नाही.

कंपनीचा वकील ‘यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही’ या शब्दांवर बोट ठेवून म्हणेल की यातच कायमस्वरूपी हक्क दिल्याचे दिसते. हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण तक्रार न करण्याचे आश्वासन म्हणजे मुदत नमूद करणे नव्हे. पण ‘तहहयात’, ‘कायमचे’ किंवा ‘कॉपीराइटच्या संपूर्ण कालावधीसाठी’ असे काही कागदात असेल, तर वरचे सारे मत बदलेल. आपण पाठवलेल्या छायाचित्राची खालची कडा कापली गेली आहे आणि सह्यांच्या खाली हाताने लिहिलेली एक ओळ अर्धवट दिसते. तिच्याकडे मी पुन्हा येतो.

क्लेम ज्या यंत्रणेतून आला, त्या यूट्यूबच्या कंटेंट आयडीमध्ये कंपनीने २०१९मध्ये आपल्या गाण्याची नोंद करून ठेवलेली असणार. ही यंत्रणा केवळ रेकॉर्डिंगच नव्हे तर चालही ओळखू शकते, पण हक्काची मुदत संपली की नाही हे तिला कळण्याचा मार्ग नाही. ते कोणीतरी तिला सांगावे लागते. शिवाय ती थेट मोठ्या हक्कधारकांनाच मिळते, एकट्या कलावंताला वितरकामार्फत, म्हणजे गाणी अशा सेवांवर पोहोचवणाऱ्या मध्यस्थामार्फत, जावे लागते. ज्याने चाल बांधली त्याच्या हाती कुलूप नाही आणि ज्याने ती काही वर्षांसाठी घेतली त्याच्या हाती किल्ली, ही स्थिती मला अन्यायाची वाटते. तरीही दाद मागण्याची सोय तिच्यातच आहे आणि ती आपण वापरली पाहिजे.

क्लेमविरुद्ध डिस्प्यूट, म्हणजे हरकत, दाखल केल्यावर कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात आणि तोवरचे उत्पन्न यूट्यूब बाजूला ठेवते. क्लेम आल्यापासून पाच दिवसांत डिस्प्यूट केला असता तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे अडकून राहिले असते. आता ते दाखल केल्याच्या दिवसापासूनचे राहतील, म्हणून उगाच वेळ घालवू नका. कंपनीने डिस्प्यूट फेटाळला तर अपील करता येते. त्यानंतर मात्र कंपनी व्हिडिओ हटवण्याची मागणी करू शकते, ती मान्य झाली तर चॅनलवर स्ट्राइक, म्हणजे उल्लंघनाचा ठपका, येतो, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक आल्यास चॅनल बंद होऊ शकतो. म्हणून अपिलाच्या पायरीवर जाण्यापूर्वी कंपनीला वकिलामार्फत नोटीस गेलेली असावी. तिच्यात कराराची तारीख, कलम १९(५) आणि मुदत संपल्याचा दिवस नमूद करून क्लेम मागे घेण्याची मागणी करावी. फोनवरील धमक्यांच्या तारखा लिहून ठेवा, कारण निराधार धमक्यांविरुद्ध कलम ६०खाली मनाई हुकूम मागता येतो.

आता १५ हजारांनंतर न मिळालेल्या पैशांविषयी. २०१२च्या दुरुस्तीने कलम १८मध्ये असे परंतुक घातले की ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या शब्दांचा आणि चालीचा कर्ता रॉयल्टीतील आपला समान वाटा कोणालाही लिहून देऊ शकत नाही किंवा सोडू शकत नाही. अपवाद फक्त कायदेशीर वारस आणि कॉपीराइट सोसायटी, म्हणजे कर्त्यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था, यांचा. याविरुद्ध केलेला करार रद्दबातल ठरतो. म्हणजे करार चालू होता त्या पाच वर्षांतही कंपनीला या गाण्यावर जे मिळाले, त्यात कवी आणि संगीतकार या नात्याने आपला वाटा होता, आणि गायक म्हणूनही व्यापारी वापरावर कलम ३८अ खाली आपला हक्क आहे. अडचण मुदत कायद्याची आहे. अशा मागणीला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे गेलेल्या प्रत्येक महिन्याबरोबर मागचा एक महिना हातचा जातो.

हा वाटा प्रत्यक्षात गोळा करण्याचा मार्ग म्हणजे मुंबईची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, जिला २०१७मध्ये कॉपीराइट सोसायटी म्हणून नोंदणी मिळाली. आपण तिचे सभासद नाही, ते व्हा, आणि या गाण्याची नोंद तेथे आधीच कोणाच्या नावाने आहे का हे लेखी विचारा. कवी आणि संगीतकार या दोन्ही रकान्यांत आपले नाव असले पाहिजे. आपल्यासारख्या छोट्या भाषेतील गायकाने हे टाळू नये. स्पॉटिफायने २०२४पासून मागच्या १२ महिन्यांत एक हजार वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगची रॉयल्टी देणे थांबवले आहे, त्यामुळे केवळ स्ट्रीमिंगच्या भरवशावर राहून चालणार नाही. नवे रेकॉर्डिंग वितरकाला देताना त्यासाठी नवा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगचा स्वतंत्र ओळख क्रमांक, घ्या. जुना क्रमांक वापरला तर नोंदींत ते कंपनीच्या रेकॉर्डिंगला जोडले जाईल.

जुना व्हिडिओ हटवा अशी मागणी करण्याचा मोह आपल्याला होईल. रेकॉर्डिंग कंपनीचे असले तरी त्यातील शब्द आणि चाल यांवरील आपला स्वतंत्र हक्क कलम १३(४)ने राखलेला आहे, त्यामुळे तशी मागणी करता येईलही. पण माझा सल्ला वेगळा आहे: ते गाणे लोकांच्या कानात त्याच व्हिडिओतून बसले आहे, म्हणून तो राहू द्यावा आणि ठरावीक मुदतीचा, दर सहा महिन्यांनी हिशेब देण्याचा नवा परवाना करार कंपनीकडून करून घ्यावा. ते न जमल्यास कलम ६२मुळे आपण राहता त्या जिल्ह्यातच दावा दाखल करता येतो. तीन लाखांवरचा दावा वाणिज्यिक न्यायालयात जातो आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची असते. मोबाइलमध्ये २०१९पूर्वीचे चालीचे कच्चे रेकॉर्डिंग असेल तर तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालील प्रमाणपत्रासह तो पुरावा होतो.

डिस्प्यूटचे बटण दाबण्यापूर्वी मूळ स्टॅम्प पेपरची दोन्ही बाजूंची, कडांसकट, स्पष्ट छायाचित्रे मला पाठवा. सह्यांखालची ती हस्तलिखित ओळ कोणी लिहिली आणि आपण सही केली तेव्हा ती तेथे होती का, हेही आठवून कळवा.