दोन्हीकडे नेट चालतं, मग कॉम्प्युटर एकमेकांना का दिसत नाहीत?

प्रश्न : ताई, आमचे वडगावात माग आहेत. खाली मागाशेजारच्या खोलीत बिलांचा डेस्कटॉप आणि प्रिंटर, फायबरचा डबा पण तिथंच. माडीवर वायफाय पोचत नव्हतं म्हणून दिवाळीत दुसरा राउटर आणला आणि खालून वायर वर ओढली. आता वर मुलीच्या लॅपटॉपवर नेट झकास, खाली पण झकास. पण वरून खालचा कॉम्प्युटर दिसत नाही, प्रिंट निघत नाही. पोरगी पेनड्राइव्ह घेऊन दिवसभर जिना चढ-उतर करूलालीय. दुरुस्तीला आलेला म्हणतो, विंडोज बिघडलंय, फॉरमॅट मारूया. मारू काय?
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : अण्णा, फॉरमॅट मारू नका. दोन्ही मशिनवर नेट चालतंय, म्हणजे दोन्हींची वायर, नेटवर्क कार्ड, ड्रायव्हर सगळं धड आहे. जे बिघडलेलंच नाही ते दुरुस्त करायला तुमची इतक्या वर्षांची बिलं पणाला लावायचं काही कारण नाही.

आधी दोन नंबर बघा. दोन्ही मशिनवर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, सीएमडी लिहून एंटर मारा. काळी खिडकी उघडेल, तिच्यात आयपीकॉन्फिग असं जोडून लिहा. बऱ्याच ओळी येतील. त्यांतली आयपीव्ही४ अ‍ॅड्रेसची ओळ तेवढी कागदावर उतरून घ्या. माझा अंदाज, खाली १९२.१६८.१.१२ सारखं काहीतरी असेल आणि वर १९२.१६८.०.१०१ सारखं. शेवटचा आकडा घराचा, आधीचे तीन गल्लीचे. तुमचा तिसरा आकडा वेगळा निघाला की समजा, एका छपराखाली दोन गल्ल्या झाल्यात.

झालंय असं की वरच्या राउटरला आपण घराचा दुसरा राउटर आहोत हे कुणी सांगितलेलंच नाही. तो खालच्या डब्याकडून स्वतःसाठी एक नंबर घेतो आणि आपल्या पाठीमागे वेगळे नंबर वाटत बसतो. नेटला त्याची अडचण येत नाही, कारण बाहेर जायची वाट उघडी आहे. पण ‘इथं कोण कोण आहे?’ म्हणून कॉम्प्युटर जी हाक मारतो, ती राउटर ओलांडून जात नाही. म्हणून अशा घरांत एक विचित्र गोष्ट दिसते. वरून खालचा नंबर थेट टाकला तर कधी फोल्डर उघडतो, खालून वरचा मात्र उघडत नाही. त्यावरून लोक विंडोजला दोष देतात.

उपाय बिनखर्चाचा आहे, फक्त क्रम चुकवू नका. वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड, म्हणजे स्वतः नंबर न वाटता नुसतं वायफाय पसरवायची सोय, असेल तर तो चालू करा, काम तिथंच संपलं. नसेल तर आधी त्याचा स्वतःचा नंबर बदलून १९२.१६८.१.२ करा. खालचा डबा कुठून कुठपर्यंत नंबर वाटतो ते बघून घ्या, २ त्यात येत असेल तर त्याच्या बाहेरचा दुसरा आकडा निवडा. मग वरच्या राउटरचं डीएचसीपी, म्हणजे नंबर वाटायचं काम, बंद करा. हे झाल्यावरच खालून आलेली वायर वॅन लिहिलेल्या भोकातून काढून शेजारच्या लॅनच्या भोकात घाला. वायर आधी हलवलीत तर एका घरात नंबर वाटणारे दोघे होतात. मग आज चालतं, उद्या चालत नाही, आणि ते कारण शोधायला पुरा दिवस जातो. शेवटी दोन्ही मशिनं बंद करून चालू करा आणि नंबर परत बघा. आता पहिले तीन आकडे जुळायला हवेत.

एवढं होऊनही लॅपटॉपवर डेस्कटॉप दिसला नाही तर दोन ठिकाणी बघा. विंडोज नव्या नेटवर्कला परकं धरतं. सेटिंगमध्ये त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये पब्लिक असेल ते प्रायव्हेट करा, दोन्ही मशिनवर. घरात हे करायला हरकत नाही, बसस्टँडच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर कधीच करू नका. दुसरी गोष्ट पासवर्डची. फोल्डर उघडताना विंडोज नाव आणि पासवर्ड मागतं, तिथं लोक रोजचा चार आकडी पिन टाकतात. पिन फक्त त्याच मशिनपुरता असतो. इथं खालच्या मशिनवरच्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि त्या खात्याला पासवर्डच ठेवलेला नसेल तर विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. या एका गोष्टीसाठी माझ्या दुकानात किती माणसं आली असतील त्याची मोजदाद नाही.

फॉरमॅटचं मी इतकं का मनावर घेते ते सांगते. खानापूर तालुक्यातले एक निवृत्त मास्तर एकदा सीपीयू चादरीत बांधून बसने घेऊन आले होते. नेट येत नाही म्हणून कुणीतरी आधीच फॉरमॅट मारलेला, तरी नेट आलेलं नव्हतंच. दुकानात माझी वायर लावली आणि दोन मिनिटांत चालू. मग त्यांची वायर मागवून बघितली. टोकाच्या पारदर्शक प्लगपासून वीतभर अंतरावर उंदरानं साल कुरतडलं होतं. आत नारंगी जोडीतली एक तार तुटून नुसती लोंबत होती. आठ तारांपैकी नारंगी किंवा हिरवी जोडी तुटली की नेट बंदच. निळी किंवा तपकिरी तुटली तर बहुतेक वेळा चालत राहतं, फक्त वेग १०० एमबीपीएसवर येतो. वायर बदलायला फार खर्च आला नाही. पण त्या डिस्कवर त्यांच्या गेलेल्या पत्नीचे फोटो होते, दुसरीकडे कुठंच नव्हते. मी चार दिवस प्रयत्न केले, थोडे मिळाले, बरेचसे नाहीत. मास्तर मला एक शब्द बोलले नाहीत, उलट कुंद्याचा पुडा ठेवून गेले.

म्हणून अण्णा, आधी नंबर, मग वायर. आणि बिलांची एक प्रत आजच वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा.

प्रश्न : आमचं घर जांबोटीकडं. लॅपटॉपवर वायफाय कनेक्टेड दिसतं पण नेट नाही. तुम्ही सांगता तसा नंबर बघितला तर १६९.२५४ नं सुरू होतो. घरच्यांचे मोबाइल चालतात. हा नंबर कुठला?
— एक विद्यार्थिनी, खानापूर तालुका

उत्तर : बाळ, हा नंबर तुझ्या राउटरनं दिलेला नाही. लॅपटॉपनं नंबर मागितला, कुणी ओ दिली नाही, तेव्हा त्यानं स्वतःच एक घेतला. १६९.२५४ दिसलं की समजायचं, मागणी पोचली नाही किंवा उत्तर परत आलं नाही.

मोबाइल चालतात म्हणजे राउटर जागा आहे. लॅपटॉप राउटरच्या खोलीत नेऊन बघ. तुमच्याकडच्या जांभ्या दगडाच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झचं वायफाय फार लवकर अडवतात, २.४ तुलनेनं लांब जातं. जवळ नेऊन चाललं तर भिंतीचा प्रश्न, २.४ चं नाव निवडून जोड. जवळही चाललं नाही तर लॅपटॉपमधलं ते वायफाय फर्गेट करून पासवर्ड नव्यानं घाल. मग काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग लिहून एक जागा सोड, तिरकी रेघ मारून रिलीज लिही. तसंच पुन्हा रिन्यू लिही. त्यानंही १६९ हटलं नाही तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू कर, कधी कधी त्याचे वाटायचे नंबरच संपलेले असतात.

कॉलेजच्या लॅबमध्ये लॅपटॉपला कुणी हातानं नंबर घालून दिला असेल तर मात्र १६९ नाही, भलताच नंबर दिसतो. तेव्हा आयपी सेटिंग मॅन्युअलवरून ऑटोमॅटिकवर आणायचं, बस्स.

प्रश्न : निपाणीच्या दुकानात जुना विंडोज ७ आणि नवा विंडोज ११. नव्यात होमग्रुप, म्हणजे दोन्हींत फोल्डर वाटून घ्यायची विंडोजची सोय, सापडत नाही. एकजण म्हणाला, एसएमबी १ चालू करा.
— एक व्यापारी, निपाणी

उत्तर : होमग्रुप शोधू नका, २०१८ मध्ये विंडोज १० मधूनच ते काढून टाकलं, ११ मध्ये ते नाही. एसएमबी १, म्हणजे नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याची विंडोजची जुनी पद्धत, चालू करू नका. २०१७ च्या मे महिन्यात जगभर फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा वॉनाक्राय त्याच वाटेनं पसरला होता. विंडोज ७ ला त्याची गरजही नाही, त्याला एसएमबी २ येतं. जुन्या मशिनवर पासवर्ड असलेलं खातं करा, फोल्डर त्या खात्याला शेअर करा आणि नव्यावरून दोन उलट्या तिरक्या रेघा मारून जुन्याचा नंबर टाका. पण विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. त्यावर बँकेचं काम करत असाल तर ते आधी नव्या मशिनवर न्या, फोल्डरचं मग बघू.