भाजीला साबण, खिडकीला कडी

सिस्टरांना विचारा : जून २०२१

नव्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. मी डॉक्टर नाही. मोठ्या रुग्णालयात इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर होते. कोणी हात धुतले, कोणी नाही, कुठल्या वॉर्डातली बादली कुठे गेली यावर नजर ठेवायची आणि सगळ्यांची बोलणी खायची, असं ते काम. त्यामुळे औषधांबद्दल मी फार तर डॉक्टरांना काय विचारायचं एवढं सांगेन. बाकीचं मात्र ठणकावून सांगेन.

भाजी साबणाच्या पाण्यात, मग मिठाच्या पाण्यात. दुधाच्या पिशवीला सॅनिटायझर. पेपर वर्षभर बंद. तरी एप्रिलमध्ये घरातल्या चौघांना कोरोना झालाच. सिस्टर, कुठे चुकलं? (बार्शी)

ताई, भाजीला साबण लावू नका, तो पोटात जातो. नळाच्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुतली की झालं. हा आजार मुख्यतः श्वासातून पसरतो. बोलताना, खोकताना, मोठ्याने हसताना जे बारीक कण बाहेर पडतात ते बंद खोलीत तरंगत राहतात. मे २०२१ मध्ये केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने पत्रक काढलं, त्यात हे कण हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात असं म्हटलंय. तुमच्या पत्रातच पुढे लिहिलंय की चुलत सासऱ्यांच्या बाराव्याला ‘घरचीच माणसं’ होती, आणि वळवाचा पाऊस आला म्हणून दारं-खिडक्या लावून सगळे आत बसलात. मला वाटतं, शोधायचं ते तिथे. मेथीच्या जुडीवर एवढे कष्ट घेतलेत, त्यातले थोडे खिडकीची कडी काढायला पुरले असते.

चाळीत दोन खोल्या, संडास सामाईक. मुलगा पॉझिटिव्ह आहे, सासूबाई सत्तरीच्या. सरकारी पत्रकात ‘स्वतंत्र खोली व स्वतंत्र शौचालय’ लिहिलंय. ते आम्ही कुठून आणायचं? (परळ, मुंबई)

रास्त राग आहे. ती पत्रकं लिहिणाऱ्यांची घरं मोठी असावीत.

मुलाला ज्या खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे ती द्या. टेबलफॅन असेल तर त्याचं तोंड खिडकीकडे, बाहेर वारा जाईल असं ठेवा. मग एक उदबत्ती लावून दोन खोल्यांमधल्या दारात धरा. धूर मुलाच्या खोलीकडे ओढला जात असेल तर उत्तम. तो सासूबाईंच्या दिशेने येत असेल तर पंख्याची जागा बदला, मधलं दार लोटा, त्यांच्या बाजूची खिडकी उघडा आणि पुन्हा बघा. दोघांना एका खोलीत एसी लावून मुळीच झोपवू नका. घरातला एसी तीच हवा फिरवत राहतो.

संडासाला मुलाने शक्यतो सगळ्यांच्या शेवटी जावं, मास्क लावून. बाहेर आल्यावर झरोका उघडा ठेवा आणि बराच वेळ दुसऱ्या कोणी जाऊ नये. शेजाऱ्यांना स्पष्ट सांगा. लपवलं तर चाळ नंतर माफ करत नाही.

ताट देणाऱ्याने एन-९५ लावावा. तो धुवायचा नसतो. चार-पाच असतील तर कागदी पिशवीत वाळत ठेवून आळीपाळीने वापरता येतात. पुढे प्लॅस्टिकची बटणासारखी झडप असलेला घेऊ नका. त्यातून घालणाऱ्याचा श्वास न गाळता बाहेर येतो, म्हणजे मुलाने तो लावला तर सासूबाईंना उपयोग शून्य. मुलाची भांडी नेहमीच्या साबणाने घासा. विषाणूचं वरचं आवरण चरबीचं असतं, साबणाने ते फुटतं.

सोसायटीने गेटवर हायपोक्लोराइटचा (ब्लीचसारख्या जंतुनाशकाचा) फवारा बसवलाय. येणाऱ्या प्रत्येकावर मारतात. डोळे चुरचुरतात. (हडपसर)

आजच बंद करायला लावा. माणसांवर फवारू नये असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितलंय. हे द्रावण फरशीसाठी, कठड्यासाठी, लिफ्टच्या बटणांसाठी आहे. एक टक्क्याचं, रोज ताजं. संडास साफ करायच्या अॅसिडात ते कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

ऑक्सिमीटरवर आईचा ऑक्सिजन ७४ दाखवतोय, पण ती भाकरी थापतेय. काय करू? (माण तालुका)

हा फोन होता, पत्र नव्हे, म्हणून तिथल्या तिथे विचारलं, ‘दुसरा आकडा किती?’ म्हणाले ९७. यंत्रावर दोन आकडे असतात. ७४ होते नाडीचे ठोके. हे इतक्या जणांचं होतं की आशाताईंनी राज्याच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ तपासणी मोहिमेच्या वेळी दारोदार फिरताना तेवढं शिकवलं असतं तरी लोकांची निम्मी घबराट वाचली असती.

नेलपॉलिश काढा, बोट गार असेल तर चोळून ऊब आणा, हात स्थिर ठेवा, आकडा मिनिटभर टिकू द्या. दिवसातून तीनदा लिहून ठेवा. धाप नसेल तर घरातच सहा मिनिटं चालवून पुन्हा मोजा. तीन किंवा जास्त अंकांनी उतरला, किंवा बसल्या जागी ९४ च्या खाली राहिला तर डॉक्टरांना कळवा. वाहनाची जुळवाजुळव होईपर्यंत पालथं झोपवा. धाप लागतेय, ओठ निळसर झालेत, माणूस बरळतोय, अशा वेळी मात्र यंत्राकडे बघत बसू नका.

नवऱ्याचा तिसरा दिवस, ताप आहे, ऑक्सिजन ९७. एचआरसीटीचा (छातीच्या सीटी स्कॅनचा) स्कोअर ३. शेजारच्यांच्या चिठ्ठीवरून स्टेरॉइड आणलंय. त्यांना शुगर आहे. सुरू करू का? (मिरज)

नाही. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर तर नाहीच, आणि शुगर असताना तर माझी हात जोडून विनंती आहे.

ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्ये दाखवलं की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजनवर किंवा व्हेंटिलेटरवर असलेल्यांचे जीव वाचतात. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा झाला नाही, उलट अपायाची शक्यता दिसली. लवकर घेतलं तर लवकर बरं, हे गणित इथे लागू नाही. स्टेरॉइडने साखर भडकते, प्रतिकार दबतो, आणि त्याच जमिनीत म्युकर (काळी बुरशी) उगवतो. एका बाजूचं नाक चोंदणं, नाकातून काळपट स्राव, गालाला सूज किंवा बधिरपणा, दात हलणं, डोळा दुखणं, एकाचे दोन दिसणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. म्युकर एकाचा दुसऱ्याला लागत नाही, पेशंटला वाळीत टाकू नका.

तिसऱ्या दिवशी, ९७ ऑक्सिजन असताना सीटी कशासाठी काढला, हेही डॉक्टरांना विचारा. घरात ग्लुकोमीटर आणा. सध्या तोच जास्त कामाचा.

कोणी घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र) भाड्याने घेतला असेल तर त्याच्या बाटलीत नळाचं पाणी भरू नका. निर्जंतुक किंवा डिस्टिल्ड पाणी, खुणेपर्यंतच, रोज ओतून नवं.

पाळीत लस चालते का? अंगावर पाजत असेन तर? (लातूर)

दोन्ही चालतं. पाळीच्या आधी-नंतर पाच दिवस घेऊ नका, हा मेसेज खोटा आहे. कोविड होऊन गेला असेल तर बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं, असा २०२१ मध्ये नियम होता.

होम आयसोलेशन संपलं, पण कंपनी ‘निगेटिव्ह रिपोर्ट आणा’ म्हणते. चाचणी पुन्हा पॉझिटिव्ह आली. (चाकण)

आरटीपीसीआर विषाणूचे मेलेले तुकडेही पकडते, कधी कधी कित्येक आठवडे. एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची ही चाचणी पुन्हा करू नये असं आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) ४ मे २०२१ रोजीच कळवलंय. २०२१ च्या त्या वेळच्या नियमाप्रमाणे सौम्य आजारात लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवस आणि शेवटचे तीन दिवस ताप नाही, एवढ्यावर आयसोलेशन संपत होतं. त्या पत्रकाची प्रत काढून एचआरच्या टेबलावर ठेवा. तरी ऐकलं नाही तर डॉक्टरांकडून तारखेसह फिटनेसचं पत्र घ्या. तिसऱ्यांदा नाकात काडी घालून घेऊ नका.